बाळ रात्रभर झोपू लागले आहे. अंगावरचे दूध कमी होऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न : नवी आई, दादर

नमस्कार. माझी मुलगी १४ आठवड्यांची आहे. जन्माच्या वेळी तिचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते आणि याच आठवड्यात लस द्यायला नेले तेव्हा ते ५ किलो ६०० ग्रॅम भरले. ती पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. वरचे दूध, पाणी, गुटी असे काहीही आम्ही अजून दिलेले नाही.

गेल्या पंधरा-वीस दिवसांपासून ती रात्री साडेनऊला झोपते ती थेट पहाटे पाचला उठते. सुरुवातीला मला रात्री दोन-अडीचच्या सुमारास छाती दगडासारखी दाटून जाग यायची आणि गाउन भिजलेला असायचा. गेल्या चार-पाच रात्री मात्र तसे काहीच होत नाही, मीही पाचपर्यंत झोपते, आणि नेमक्या याच गोष्टीची मला धास्ती वाटू लागली आहे. संध्याकाळी छाती अगदी मऊ, रिकामी लागते, आणि सहा ते आठच्या दरम्यान मुलगी सारखी धरते, सोडते आणि रडते. दिवसा मी घड्याळ पाहून साधारण तीन तासांनी पाजते. म्हणजे पहाटे पाच, आठ, अकरा, दोन, पाच, आठ आणि झोपताना साडेनऊ, असे सात वेळा.

घरात तीन मते आहेत. सासूबाई म्हणतात की झोपलेल्या लेकराला उठवू नये, झोपेतच ते वाढते. माझी आई चिपळूणहून रोज फोनवर सांगते की गजर लावून मध्यरात्री उठव आणि पाज, नाहीतर दूध आटेल. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की संध्याकाळी दूध पुरत नाही हे दिसतेच आहे, तेव्हा झोपवण्याआधी एक बाटली पावडरचे दूध द्यावे. तिघीही मायेने सांगतात, त्यामुळे कोणालाच तोडून बोलवत नाही.

प्रसूतीच्या तीन आठवडे आधी माझी रजा सुरू झाली होती, म्हणजे मुलगी सव्वापाच महिन्यांची असताना मला लोअर परळच्या कार्यालयात परत रुजू व्हावे लागेल. तोपर्यंत दूध टिकावे आणि पुढेही टिकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिला उठवावे का, की रात्री पंपाने दूध काढावे? छाती मऊ लागणे म्हणजे दूध कमी झाले असे समजायचे का? हळिवाचे लाडू आणि शतावरी सुरू आहेच.

उत्तर : निवृत्त परिचारिका, चेंबूर

ताई, मी महापालिकेच्या एका रुग्णालयात बाळंतिणींच्या कक्षात ३१ वर्षे काम केले आहे आणि तुमचा प्रश्न मला अनेक तोंडून ऐकायला मिळाला आहे. सर्वात आधी वजनाचे सांगते, कारण बाकी सगळे त्यावर ठरते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण १० ते १४ दिवसांत ते जन्माइतके परत येते. त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढ झाली तर ती चांगली समजतात. तुमच्या मुलीची वाढ त्यात नीट बसते, किंबहुना वरच्या अंगाला आहे. जन्माचे वजन परत न आलेल्या, कमी दिवसांच्या किंवा कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला उठवून पाजावेच लागते आणि तुमच्या आईच्या सांगण्याचे मूळ तिथे आहे. पण तुमच्या मुलीला केवळ तिच्या पोटासाठी उठवण्याची गरज मला दिसत नाही.

आता दुधाचे. बाळंतपणानंतर पहिले काही आठवडे दूध मुख्यतः संप्रेरकांच्या जोरावर येते, म्हणून तेव्हा छाती भरभरून वाहते. पुढे मात्र हिशेब बदलतो. जितके दूध बाहेर निघेल त्या मानाने नवीन तयार होते, आणि दूध आत साचून राहिले की तेच साचलेले दूध पेशींना काम मंद करायला सांगते. हा हिशेब प्रत्येक स्तनाचा वेगळा चालतो, म्हणूनच एकाच बाजूने सतत पाजणाऱ्या आईची दुसरी बाजू हळूहळू आटते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर छाती मऊ लागणे, दूध न गळणे, पान्ह्याची झिणझिण कमी जाणवणे या गोष्टी घडतात त्या बहुतेक वेळा शरीराला बाळाची गरज कळल्यामुळे. त्यामुळे छाती दाबून दुधाचा अंदाज बांधू नका. पंपावरूनही बांधू नका, कारण बाळ जितके ओढते तितके पंपाला मिळतेच असे नाही.

तरीही तुमची धास्ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. दूध साठवण्याची जागा प्रत्येकीची वेगळी असते आणि ती छातीच्या बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून कळत नाही. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध लागते. दोन आया समजा तेवढेच दूध देतात. पण एकीच्या अंगी एका वेळी पुष्कळ मावते आणि दुसरीच्या अंगी थोडे. पहिलीने साडेसात तास पाजले नाही तरी तिचे काही बिघडत नाही. दुसरीची छाती चार तासांतच भरते आणि उरलेले साडेतीन तास निर्मिती मंदावलेली राहते. हे रोज घडले तर चार-सहा आठवड्यांत तिचे एकूण दूध खरेच कमी होऊ शकते. शिवाय दूध तयार करायला सांगणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री आणि पहाटे जास्त असते, म्हणून पहाटेचे पाजणे बहुधा भरपूर होते आणि संध्याकाळी दूध संथ येते. संध्याकाळी संथ येणाऱ्या त्या दुधात स्निग्धांश मात्र जास्त असतो. मुलगी सहा ते आठ या वेळात धरते आणि सोडते ती यामुळेच असण्याची शक्यता मोठी आहे, आणि पुष्कळ बाळे रात्रीच्या लांब झोपेची बेगमी अशीच करतात. तिथे बाटली दिली तर तेवढे दूध छातीतून निघणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरोखरच थोडे कमी येईल. काकूंना हे समजावून सांगता आले तर बरे.

माझा सल्ला असा आहे की झोप तिच्याकडे राहू द्यावी आणि रात्री सुटलेले पाजणे दिवसात आणावे. तीन तासांचे घड्याळ सोडा. दिवसा दोन-सव्वादोन तासांनी, ती मुठी तोंडाकडे नेऊ लागली किंवा मान वळवून शोधू लागली की लगेच घ्या, दोन्ही बाजू द्या, आणि संध्याकाळी तर तिला हवे तितक्या वेळा घ्या, अर्ध्या तासाने परत मागितले तरी घ्या. या वयाला मुले आवाजाकडे आणि उजेडाकडे वळून पाहू लागतात आणि अर्धवट पिऊन सोडतात. दादरसारख्या गजबजलेल्या ठिकाणी खिडकी लावून आणि पडदा ओढून शांत खोलीत पाजले तर फरक पडतो. यानंतर रात्री तुम्ही स्वतः झोपण्याआधी, अकराच्या सुमारास, तिला पूर्ण न उठवता उचलून घ्या, खालच्या ओठाला स्तनाग्र लावा. बरीच बाळे झोपेतच ओढू लागतात. दिवा मंद असावा, मात्र तुम्ही नीट बसलेल्या असाव्यात. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणे धोक्याचे असते. एवढ्याने तुमची मोठी मोकळी वेळ साडेसात तासांवरून सहा तासांवर येईल आणि पाजण्याची संख्या आठ-नऊच्या पुढे जाईल.

रात्री छाती दाटून जाग आलीच तर काय करायचे ते तुमच्या इच्छेवर अवलंबून आहे आणि इथे बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. त्या वेळचे दूध पुढे नको असेल तर दुखणे थांबेल एवढेच हाताने काढा. ते दूध टिकवायचे असेल तर नीट मोकळे होईपर्यंत काढा. गाठ आली तर मालीशवाल्या बाईंकडून तेल लावून जोरात चोळून घेऊ नका. आम्हीही पूर्वी शेकायला आणि चोळायला सांगत असू. पण २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने आपल्या मार्गदर्शनात बदल केला आणि आता थंड पट्टी, हलका हात आणि नेहमीसारखे पाजणे हेच सांगितले जाते. ताप आला, लाली पसरली किंवा एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

दूध पुरते आहे की नाही हे बाळाकडे पाहून ठरवा. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर शू झाली पाहिजे. डायपरमध्ये ती मोजता येत नाही, म्हणून आठवड्यातून एक दिवस लंगोट वापरा. तीन महिन्यांनंतर वजनाची गती उतरून दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम होते, हे आधीच माहीत असू द्या. नाहीतर पुढच्या वजनाला तुम्ही उगाच घाबराल.

उत्तर : कांदिवलीची आई

परिचारिकाताईंचे सगळे पटते, तरी माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे आणि तो सांगितला नाही तर माझ्यासारख्या एखादीचे नुकसान होईल असे वाटते. माझा मुलगा दहाव्या आठवड्यापासून सलग नऊ तास झोपू लागला. सगळ्यांनी कौतुक केले आणि मीही सुखावले. चौथ्या महिन्यात त्याच्या वजनाची वाढ १५ दिवसांत अवघी ९० ग्रॅम झाली आणि शू दिवसाला चार वेळांवर आली. तो रडत नव्हता, मागत नव्हता; उलट जास्तच झोपत होता. शांत बाळ म्हणजे पोट भरलेले बाळ असे आम्ही धरून चाललो होतो.

माझ्या बाबतीत दोन कारणे एकत्र आली होती. माझ्या अंगी एका वेळी फार दूध मावत नव्हते, आणि त्याच सुमारास मला गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकते हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मीही अंगावर पाजते आहे हे आपणहून सांगितले नाही. सर्दीवरच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, त्यानेही दूध घटते. म्हणून औषधाच्या दुकानातून काहीही घेताना ‘मी अंगावर पाजते’ हे वाक्य आधी उच्चारायची सवय लावून घ्यावी.

गोळ्या बदलून घेतल्यावर मी रात्री साडेअकराला झोपेतच पाजू लागले आणि पहाटे साडेचारला गजर लावून दोन्ही बाजूंनी पंप करू लागले. दिवसा प्रत्येक पाजण्यानंतरही दहा मिनिटे पंप करत असे. पहिल्या आठवड्यात बाटलीचा तळही झाकला जात नव्हता आणि मी दोनदा हा उद्योग सोडून द्यायच्या बेताला आले होते. थेंब येवोत न येवोत, छातीला मागणी कळली पाहिजे, हे डॉक्टरांनी समजावले म्हणून टिकले. तिसऱ्या आठवड्यात वजन पुन्हा चढू लागले. आटत चाललेले दूध परत येते, पण त्याला अंगमेहनत पडते. म्हणून ज्या आईची शू-वजनाची मोजणी घसरू लागेल तिने बाळाची झोप मोडायला संकोच करू नये.

लाडवांविषयी एक सांगावेसे वाटते. हळीव, डिंक, मेथी, खसखशीची खीर, बाळंतशोपा हे आपल्याकडचे बाळंतिणीचे खाणे आहे, त्याने अंगाला बळ येते आणि हळिवातून लोहही मिळते. आईचे पोट भरलेले असणे महत्त्वाचेच आहे. पण चार लाडू खाल्ले आणि आठ तास पाजले नाही, तर लाडू त्या आठ तासांची भरपाई करू शकत नाहीत. शतावरीचे चूर्ण किंवा मेथीच्या गोळ्या औषधासारख्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. मधुमेह किंवा थायरॉइडची औषधे सुरू असतील तर विशेषच.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ, मुलुंड

वरच्या चर्चेत एक मुद्दा राहिला आहे आणि तो बाळाच्या रात्रीच्या झोपेशी थेट जोडलेला आहे. अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत, या समजावर अनेक जोडपी निर्धास्त असतात. हे संरक्षण तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच भरवशाचे असते : बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे, पाळी परत सुरू झालेली नसावी, आणि बाळ फक्त अंगावर पीत असून दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार तासांपेक्षा व रात्री सहा तासांपेक्षा अधिक अंतर नसावे. तुमची मुलगी साडेसात तास झोपते म्हणजे तिसरी अट आजच मोडली आहे, पाळी आलेली नसली तरीही. पाळी येण्याच्या आधीही बीज सुटू शकते. निरोध, तांबी, किंवा केवळ प्रोजेस्टेरॉनवर आधारित गोळ्या हे पर्याय दुधाला सहसा बाधक ठरत नाहीत. तुमच्या प्रकृतीला काय योग्य ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पुन्हा गर्भ राहिला तर दूध घटते, हेही ध्यानात असावे.

मूळ प्रश्नकर्ती : नवी आई, दादर

सर्वांची मनापासून आभारी आहे. दहा दिवस थांबून लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

घड्याळ सोडले आहे. दिवसा आणि संध्याकाळी मिळून आता आठ वेळा होते आणि रात्री अकराला नववे. पहिल्या दोन रात्री तिने तोंडच उघडले नाही; तिसऱ्या रात्री ओढू लागली आणि आता सासूबाईच साडेदहाला आठवण करतात, कारण त्यात झोप मोडत नाही हे त्यांनी स्वतः पाहिले. लंगोटांवर मोजले तर दिवसाला सात-आठ वेळा शू होते. काल त्याच काट्यावर वजन केले, दहा दिवसांत २१० ग्रॅम वाढले आहे. मधे एकदा डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती, ती थंड पट्टीने दुसऱ्या दिवशी विरली. डॉक्टरांच्या मुद्द्याची आम्हा दोघांना खरोखर कल्पना नव्हती, त्यासाठी उद्याच भेट ठरवली आहे.

आता एकच विचारते. कार्यालयात जाऊ लागले की दिवसाचे हे पाजणे सुटणार, आणि रात्री तर ती झोपलेलीच असणार. मग दूध निघणार कधी?

उत्तर : दोन मुलांची आई, विलेपार्ले

तुमच्या या शेवटच्या प्रश्नातून मी दोनदा गेले आहे, म्हणून लिहिते. एक गोष्ट बहुधा घडेल ती अशी की तुम्ही दिवसभर दूर राहू लागलात की मुलगी रात्री पुन्हा जागी होऊ लागेल आणि दिवसाचे राहिलेले रात्री तुमच्याकडून वसूल करेल. माझ्या दोन्ही मुलांनी तेच केले. लोक त्याला खोड म्हणतात. मला मात्र ते माझ्या दुधाला मिळालेले मोठे साहाय्य वाटले. तशी जागी झाली तर तिला पाजा, आणि रात्र मोडली म्हणून खंत करू नका.

कार्यालयात असताना तिच्या दिवसाच्या वेळांच्या जवळपास, म्हणजे आठ-नऊ तासांत तीन वेळा दूध काढायचा प्रयत्न करा. त्यासाठी रुजू होण्याआधीच मनुष्यबळ विभागाशी लेखी बोलून घ्या. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम असलेल्या तरतुदीनुसार मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसाला दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली हे तुम्हाला माहीत आहेच. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. दादर ते लोअर परळ हे अंतर पाहता, कार्यालयाजवळ पाळणाघर मिळाले तर दुपारी एकदा प्रत्यक्ष पाजता येईल, आणि ते कोणत्याही पंपापेक्षा चांगले. मला पार्ल्याहून चर्चगेट गाठायचे होते, त्यामुळे ती चैन मिळाली नाही. स्वच्छतागृहात दूध काढायला कोणी सांगितले तर मान्य करू नका. कडी असलेली एक छोटी खोली मागा. मला ती तीन अर्जांनंतर मिळाली.

साठवणीसाठी आत्तापासून फ्रीज भरून टाकायची गरज नाही. पहाटेचे पाजणे झाल्यावर थोड्या वेळाने एकदा पंप करा. ५० ते ६० मिलिलिटर निघाले तरी पुष्कळ. काढलेले दूध बाहेर चार तास राहू शकते ते २५ अंशांपर्यंतच्या हवेत, आणि आपल्या मुंबईत तशी हवा असते किती दिवस? म्हणून काढल्याबरोबर फ्रीजमध्ये, तेही दारात न ठेवता मागच्या बाजूला ठेवा आणि चार दिवसांत वापरा. वेगळे दार असलेल्या फ्रीजरमध्ये ते सहा महिन्यांपर्यंत चांगले राहते; एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र तेवढा भरवसा ठेवू नका. लोकलच्या प्रवासात बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्यांसह उष्णतारोधक पिशवीत दूध २४ तास टिकते. देताना बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा आणि जुनी बाटली आधी वापरायला घरच्यांना दाखवून ठेवा.

रुजू होताना शक्य असेल तर बुधवारपासून किंवा गुरुवारपासून सुरुवात करा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होईल. शनिवार-रविवार पंप कपाटात ठेवा आणि मुलीला दिवसभर हवे तेव्हा घ्या. शुक्रवारी कमी वाटलेले दूध सोमवारी सकाळी पुन्हा भरून आलेले असे, हे मी जवळजवळ दर आठवड्याला पाहिले आहे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, चेंबूर

दहा दिवसांत २१० ग्रॅम हे वाचून फार आनंद झाला. पहाटेचा पंप सुरू केल्यावर दूध घरच्या गरजेपेक्षा जास्त निघू लागले तर ते टाकून देऊ नका. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत आईच्या रक्ताच्या तपासण्या करून दूध स्वीकारतात, ते पाश्चरीकरण करून कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना देतात. दादरहून शीव लांब नाही. मात्र दान करायचे म्हणून मुद्दाम जादा पंप करू नका, कारण छातीला नको तितकी सवय लागली की दाटणे आणि गाठी मागे लागतात. तुमच्या मुलीचे पोट भरून जे उरेल तेवढेच द्या.